रोमचा वकील

१९८२ सालच्या मे महिन्यात वांद्र्याच्या इव्हान डायस या धर्मगुरूंना पोपनी रुसुबिसिरचे आर्चबिशप नेमले. हे रुसुबिसिर आजच्या नकाशात शोधायला जाल तर सापडणार नाही. उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियात, रोमन काळी या नावाचे एक गाव होते आणि त्याला स्वतःचा बिशप होता. गाव गेले, चर्च गेले, माणसे गेली. उरले फक्त नाव. ते डायस यांच्या वाट्याला आले, कारण त्यांना घाना, टोगो आणि बेनिन या देशांत पोपचे प्रतिनिधी म्हणून जायचे होते. प्रतिनिधीला आर्चबिशपाचा मान हवा आणि बिशप म्हटला की त्याच्या नावाशी एखादा धर्मप्रांत जोडलेला हवा, असा चर्चचा जुना दंडक. नांदता धर्मप्रांत द्यावा तर तो टाकून परदेशी राहायचे कसे? मग असा लुप्त धर्मप्रांत देतात. ज्या गावात कुणी राहत नाही, त्या गावची पाटीलकी.

प्रस्तुत पुस्तक अशा एका पाटलाच्या नोकरीविषयी आहे. 'नोकरी' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. धर्मगुरूचे 'पाचारण' असते, त्याला 'सेवा' म्हणावे, हे मला ठाऊक आहे. पण बदल्या, बढत्या, गोपनीय अहवाल, वरिष्ठांची मर्जी, तिसऱ्या वर्षी उचललेली बोचकी हे सगळे जिथे असते त्याला आपण मराठीत नोकरीच म्हणतो. पोपच्या या प्रतिनिधीला नन्सिओ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ निरोप्या. वर्तमानपत्रे 'पोपचे राजदूत' असे भाषांतर करतात. ते चूक नाही, पण पुरेसेही नाही. मला आपला जुना 'वकील' हा शब्द जवळचा वाटतो. कोर्टातला नव्हे, दरबारातला. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे बादशाही दरबारात बसत, बोलणी करत, कान उघडे ठेवत आणि पुण्याला पत्र लिहीत. त्या पत्रांवर आपल्या इतिहासकारांच्या पिढ्या जगल्या. नन्सिओचेही निम्मे आयुष्य रोमला पत्र लिहिण्यात जाते.

फरक पुढे आहे. हिंगण्यांना एकच दरबार सांभाळायचा होता. नन्सिओला दोन सांभाळावे लागतात. एक त्या देशाच्या सरकारचा आणि दुसरा त्या देशातल्या चर्चचा. आपल्याला फोटोत दिसतो तो पहिला: राष्ट्रपतींना अधिकारपत्र देणारा झगेवाला माणूस. पण १९६९ साली सहाव्या पॉल पोपनी या पदाची जी व्याख्या ठरवून दिली तिच्यात दुसरा दरबार आधी आणि सरकार नंतर आहे. नन्सिओचे पहिले काम म्हणजे स्थानिक चर्च आणि पोप यांच्यातला दुवा होणे, आणि त्या दुव्याचे सर्वांत वजनदार काम म्हणजे नव्या बिशपांसाठी नावे सुचवणे. एखाद्या धर्मप्रांताला बिशप हवा असला की नन्सिओ गोपनीय चौकशी सुरू करतो. निवडक धर्मगुरूंना, काही प्रापंचिकांनाही प्रश्नावली जाते: उमेदवाराची प्रकृती कशी, स्वभाव कसा, शिकवण रोमशी सुसंगत आहे ना, पैशाच्या व्यवहारात चोख आहे ना. मग तीन नावे, नन्सिओच्या शेऱ्यासह, रोमला रवाना होतात. वसईच्या किंवा मडगावच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला बसलेल्या माणसाला या कागदाचा पत्ताही नसतो, पण पुढची पंधरा-वीस वर्षे त्याचा बिशप कोण, हे त्या शेऱ्यावर ठरू शकते.

एक गैरसमज आत्ताच दूर केलेला बरा. नन्सिओ व्हॅटिकन सिटी या देशाचा राजदूत नसतो. तो देश जेमतेम ४४ हेक्टरांचा आहे. दादरच्या शिवाजी पार्कसारखी चार मैदाने जोडली की झाले. नन्सिओला पाठवते ते पोपचे पीठ, ज्याला आंतरराष्ट्रीय कायद्यात होली सी म्हणतात. १८७० मध्ये इटलीने रोम घेतले आणि पोपकडे राज्य म्हणून काही उरले नाही. १९२९ च्या लॅटरन करारापर्यंत जवळजवळ साठ वर्षे ही स्थिती होती. तरीही पोपचे दूत परदेशी जात राहिले आणि परदेशांचे दूत पोपकडे येत राहिले. जमीन नाही, फौज नाही, व्यापार नाही, तरी वकील आहे. असा प्रकार आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांना कोडे वाटतो. सातारच्या गादीला सत्ता उरली नव्हती तेव्हाही पेशवाईची वस्त्रे तिथूनच येत होती, हे शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला ते इतके कोडे वाटू नये.

या सेवेचा इतिहास मोठा आहे. इथे धावती नजर पुरे. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडे पोपचा निवासी प्रतिनिधी असे. त्यांच्यातले एक पुढे पोप झाले, ते थोरले ग्रेगरी. कायमच्या नन्सिओची सुरुवात साधारणपणे १५०० च्या सुमारास व्हेनिसमध्ये झाली असे मानतात. प्रोटेस्टंट फुटीनंतर, ट्रेंटच्या परिषदेत ठरलेल्या सुधारणा गावोगाव राबवून घ्यायला नन्सिओ हे रोमचे हत्यार बनले, आणि स्थानिक बिशपांच्या डोळ्यांत ते तेव्हापासूनच खुपू लागले. १७०१ मध्ये रोममध्ये या कामासाठी अकादमी निघाली. सुरुवातीला ती खानदानी घराण्यांतल्या पाद्र्यांची होती, आज जगभरच्या धर्मप्रांतांतून निवडलेल्या तरुण धर्मगुरूंची आहे. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने राजदूतांच्या मानापानाची भांडणे मिटवताना नन्सिओला राजदूताचा दर्जा दिला. कॅथलिक देशांत राजधानीतल्या सगळ्या राजदूतांचा ज्येष्ठ म्हणून त्याला मिळणारा मान १९६१ च्या व्हिएन्ना करारानेही राखला.

हा मान म्हणजे नुसती खुर्चीची जागा नव्हे. १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाल्यावर द गॉल यांनी हट्ट धरला की जर्मनधार्जिण्या विशी सरकारकडे नेमलेला नन्सिओ आम्हाला नको. नव्या वर्षाच्या दिवशी सगळ्या राजदूतांच्या वतीने शुभेच्छा देण्याचे काम ज्येष्ठाचे. नन्सिओ नसला तर तो मान सोव्हिएत राजदूताकडे जाणार होता. रोमने घाईघाईने इस्तंबूलहून एका स्थूल, हसतमुख आर्चबिशपना बोलावले. वर्षाच्या शेवटच्या दिवसांत ते पॅरिसला पोचले आणि १ जानेवारी १९४५ ला त्यांनी अधिकारपत्र देऊन शुभेच्छांचे भाषणही केले. आधी बल्गेरिया, मग तुर्कस्तान आणि ग्रीस अशी वीस वर्षे आडबाजूच्या नेमणुकांवर काढलेले हे गृहस्थ म्हणजे आंजेलो रोंकाल्ली, पुढचे तेविसावे जॉन पोप.

या विषयावरचे लेखन ढोबळमानाने तीन घराण्यांतले आहे. पहिले चर्चच्या कायद्याचे: नन्सिओचे अधिकार कोणते, कलम कोणते. ते आवश्यक आणि बहुधा कंटाळवाणे. दुसरे राजकीय इतिहासकारांचे. त्यांचा सगळा रस पोप आणि महासत्ता यांच्यात, नन्सिओ त्यांना पटावरचे प्यादे. तिसरे चरित्रकारांचे, आणि त्यात निम्मे संतचरित्रे. मला वाटते खरी गोष्ट या तिन्हींच्या फटीत सापडते आणि तिचा पुरावा दुसऱ्या महायुद्धात आहे. बर्लिनचे नन्सिओ सेझारे ओर्सेनिगो आणि बुडापेस्टचे नन्सिओ आंजेलो रोत्ता. दोघेही इटालियन, दोघांचाही पोप एकच, बारावे पायस. ओर्सेनिगो नाझी सरकारला दुखवायला कायम कचरत राहिले. रोत्तांनी १९४४ मध्ये ज्यूंसाठी हजारो संरक्षणपत्रे काढली, घरांवर व्हॅटिकनची निशाणी लावली, सरकारकडे निषेधावर निषेध नोंदवले. ज्यूंच्या संहाराविषयी बाराव्या पायस यांच्या मौनावर अजून वाद चालू आहे आणि २०२० मध्ये त्यांच्या कारकिर्दीचे कागद खुले झाल्यापासून त्याला नवे इंधन मिळाले आहे. पण पोप तोच असताना दोन नन्सिओ इतके वेगळे वागू शकतात, तर प्यादे म्हणून त्यांची बोळवण करता येत नाही. म्हणूनच एकेका माणसाची कारकीर्द नेमणुकीमागून नेमणूक वाचायची.

दुसरा मोठा वाद साम्यवादी देशांविषयीचा. रोमचे मुत्सद्दी आगोस्तिनो काझारोली यांनी १९६३ पासून हंगेरी, युगोस्लाव्हिया, पोलंड यांच्याशी बोलणी चालवली. हेतू साधा: बिशप नसेल तर धर्मगुरूंना दीक्षा कोण देणार, आणि धर्मगुरू नसेल तर मिस्सा कोण करणार? तेव्हा सरकारला नको असलेली नावे गाळून, चालतील अशी पुढे करून, निदान माणूस तरी बसवा. तुरुंगात छळ सोसलेल्यांना ही तडजोड विश्वासघात वाटली. हंगेरीचे कार्डिनल मिंडझेंटी १५ वर्षे बुडापेस्टच्या अमेरिकन वकिलातीत आसरा घेऊन होते. १९७१ मध्ये त्यांना देश सोडायला लावला आणि पुढे त्यांचे पदही रिक्त जाहीर केले. काझारोलींच्या बाजूने बरेच बोलता येते आणि या पुस्तकाच्या लेखकांनी ते मांडले आहे. माझे मत त्यांच्याइतके मऊ नाही. वाटाघाटीत जे मिळाले त्याचा हिशेब मांडला जातो, ज्यांच्या पाठीवरून त्या झाल्या त्यांचा क्वचितच. २०१८ मध्ये चीनशी झालेल्या बिशप-नेमणुकीच्या करारावरून आज हाँगकाँगपासून रोमपर्यंत चाललेले भांडण जवळजवळ याच शब्दांत आहे. त्या कराराचा मजकूर अजून जाहीर झालेला नाही आणि २०२४ मध्ये तो आणखी चार वर्षांसाठी वाढवण्यात आला.

मराठी वाचकाने यात का पडावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर त्याच्या पायाखालीच आहे. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या बिशपांची नावे सुचवण्याचा हक्क होता, तो 'पाद्रोआदो'. रोमने १६२२ मध्ये प्रोपगांदा हे स्वतःचे खाते काढून मिशनचा कारभार हाती घ्यायला सुरुवात केली आणि या दोन अधिकारांची टक्कर मुंबईत झाली. १७९४ पासून एकाच शहरात काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपाखाली, काही रोमने नेमलेल्या प्रतिनिधीखाली, अशी वाटणी झाली. एकाच गल्लीतल्या दोन घरांचे बिशप वेगळे. १८८६ च्या करारात पोर्तुगालच्या वाट्याला दमणचा धर्मप्रांत आला; वसई आणि साष्टीची जुनी ख्रिस्ती गावे त्यात होती. १९२८ च्या करारात दमणचा धर्मप्रांत मोडून ही गावे मुंबईत मिसळली आणि मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा असे ठरले! त्याप्रमाणे आधी एक पोर्तुगीज जेझुइट आले, मग एक इंग्रज. स्वतंत्र भारताचे होली सीशी राजनैतिक संबंध १९४८ मध्ये जुळले, १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला, आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. वसईतल्या एखाद्या आजीचा बाप्तिस्मा दमणच्या बिशपाच्या अमलात, लग्न पोर्तुगीज आर्चबिशपाच्या आणि मुलाचा धर्मगुरू म्हणून दीक्षाविधी ग्रेशियस यांच्या हातून, असे सहज घडू शकले असते. ही सगळी उलथापालथ तिच्या नकळत, दूतांच्या टेबलावर झाली.

गोव्याची गोष्ट तर आणखी बोलकी. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि आर्चबिशप आल्व्हेर्नाझ पोर्तुगालला निघून गेले. रोमने त्यांना पदावरून काढले नाही, नवे आर्चबिशपही नेमले नाहीत. कारभार प्रशासकाकडे दिला आणि वाट पाहिली. पोर्तुगालने गोव्याचे भारतातले विलीनीकरण १९७४ च्या अखेरीस मान्य केले, त्यानंतरच्या वर्षी आल्व्हेर्नाझ पायउतार झाले आणि १९७८ मध्ये राउल गोन्साल्विस आर्चबिशप म्हणून आले. सोळा वर्षे! दिल्लीला बोलायला जागा नको, लिस्बनलाही नको. काही न करणे हेसुद्धा या सेवेत एक काम असते आणि ते करायला दम लागतो. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाला या काळात काय वाटले असेल, हे मात्र कुठल्याच कराराच्या कागदात लिहिलेले नाही.

डायस यांची कारकीर्द या पार्श्वभूमीवर वाचायची. जन्म १९३६ चा, वांद्र्याचा; घराचे मूळ गोव्यातले. १९५८ मध्ये दीक्षा, मग रोमची अकादमी आणि चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट. १९६४ मध्ये ते पोपच्या राज्य सचिवालयात रुजू झाले आणि हाती पहिलेच काम आले ते सहाव्या पॉल पोपच्या मुंबई भेटीच्या तयारीचे. त्या डिसेंबरात ओव्हल मैदानावर भरलेली युखारिस्ट परिषद मुंबईच्या जुन्या माणसांना आठवत असेल. या भेटीने पोर्तुगालचे सरकार मात्र चांगलेच दुखावले होते. गोवा घेतलेल्या देशात पोप जातो म्हणजे काय! गोव्याच्या मुळाच्या तरुण धर्मगुरूला आपल्या पेशाचा पहिला धडा घरच्याच प्रकरणातून मिळाला असावा.

पुढे उत्तर युरोप, इंडोनेशिया, मादागास्कर. १९७३ ते १९८२ रोममध्ये कचेरीचे काम, ज्यात सोव्हिएत संघ, चीन, व्हिएतनामपासून आफ्रिकेच्या बऱ्याच देशांचे कागद त्यांच्याकडे होते. काझारोलींच्या धोरणाचा तो ऐन काळ. १९ जून १९८२ रोजी डायस यांना बिशपपदाची दीक्षाही काझारोलींनीच दिली. मग पश्चिम आफ्रिका: घानात रॉलिंग्ज यांचे लष्करी सरकार नुकतेच आलेले, बेनिनमध्ये मार्क्सवादी राजवट. १९८७ मध्ये कोरिया. त्याच जूनमध्ये सोलचे म्योंगडोंग कॅथेड्रल लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांचा आसरा बनले होते.

आणि १९९१ मध्ये अल्बेनिया. या प्रकरणावर पुस्तक सर्वांत जास्त थांबले आहे, तसेच थांबायला हवे होते. एन्व्हेर होजांच्या राजवटीने १९६७ मध्ये देश निरीश्वरवादी जाहीर करून मशिदी आणि चर्च सरसकट बंद केली. श्कोदरचे कॅथेड्रल खेळांचे सभागृह झाले. इथे काझारोलींची वाटाघाट पोचलीच नाही, कारण बोलायला समोर कुणी नव्हते. नव्या नन्सिओला सरकारच्या दरबाराआधी दुसरा दरबारच उभा करायचा होता: बिशप नाहीत, सेमिनरी नाही, धर्मगुरू बहुतेक म्हातारे आणि तुरुंगातून सुटलेले. डायस यांच्यावर दक्षिण अल्बेनियाच्या चर्चचा कारभारही सोपवला गेला. म्हणजे निरोप्याला नांगरही धरावा लागला. २५ एप्रिल १९९३ रोजी दुसरे जॉन पॉल पोप एका दिवसासाठी आले आणि श्कोदरच्या त्याच कॅथेड्रलमध्ये त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली. त्यांच्यातले फ्रानो इलिया यांना एके काळी फाशीची शिक्षा झाली होती. आरोप होता व्हॅटिकनसाठी हेरगिरीचा.

मग १९९६ च्या नोव्हेंबरात नेमणूक आली ती मुंबईची. इथे ही कारकीर्द इतरांहून वेगळी होते आणि पुस्तकाचे मर्मही इथेच आहे. ज्या माणसाने वर्षानुवर्षे इतरांच्या बिशपपणाविषयी शेरे लिहिले, तो आता स्वतः धर्मप्रांताचा धनी झाला. दिल्लीतल्या नन्सिओच्या पत्रातला विषय झाला. त्यांच्याच काळात, १९९८ मध्ये, मुंबईतून वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि त्याचे पहिले बिशप म्हणून आले तुकारामांवर डॉक्टरेट केलेले थॉमस डाबरे. २००१ मध्ये डायस कार्डिनल झाले आणि २००६ मध्ये रोमला परतले ते प्रोपगांदाचे प्रमुख म्हणून. भारतातल्या लॅटिन धर्मप्रांतांसाठी नन्सिओकडून येणारी तीन नावे ज्या टेबलावर पडतात, ते हे टेबल. पाठवणारा, ज्याच्याविषयी पाठवले जाते तो आणि ज्याला पोचते तो, अशा तिन्ही जागी एकच माणूस बसलेला फार वेळा पाहायला मिळत नाही.

या सेवेला काळी बाजू आहे. तिच्याकडे लेखकांनी पाठ फिरवलेली नाही. गुप्ततेत वाढलेली सेवा स्वतःलाही झाकते. डॉमिनिकन रिपब्लिकमधले नन्सिओ वेसोलोव्स्की यांच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले, २०१४ मध्ये त्यांची धर्मगुरूपदावरून हकालपट्टी झाली आणि खटला चालण्याआधीच ते वारले. वॉशिंग्टनचे माजी नन्सिओ विगानो यांनी पोपविरुद्धच मोहीम उघडली. २०२४ मध्ये त्यांना चर्चबाहेर काढण्यात आले. उलट बाजूला बुरुंडीत २००३ मध्ये गोळ्यांना बळी पडलेले नन्सिओ मायकेल कोर्टनी आहेत, आणि बॉम्ब पडत असताना वर्षानुवर्षे दमास्कस न सोडणारे मारियो झेनारी आहेत. आतूनही टीका होत आलीच. बेल्जियमचे कार्डिनल स्वेनेन्स यांनी १९६९ मध्ये नन्सिओंच्या भूमिकेवर उघड टीका केली होती. २०२० मध्ये फ्रान्सिस पोपनी अकादमीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक वर्ष मिशन क्षेत्रात काढण्याची अट घातली. फायलींआधी माणसे पाहा, असा त्याचा सरळ अर्थ.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. डायस यांनी रोमला लिहिलेली पत्रे अजून दप्तरखान्यात बंद आहेत. संशोधकांना खुले झालेले कागद १९५८ पाशी थांबतात. हिंगणे दप्तर हाती न लागता पेशव्यांच्या दिल्लीच्या राजकारणावर लिहावे, तसे हे काम. लेखकांनी छापील नोंदी, करार, भाषणे आणि नेमणुकांच्या तारखा एकमेकांशेजारी मांडून अंदाज बांधले आहेत आणि अंदाज कुठे सुरू होतो ते दर वेळी सांगितले आहे. मला ते आवडले. मुंबईच्या वर्षांविषयी मात्र मला अधिक हवे होते. ज्या माणसाने अर्ध्या जगाच्या फायली हाताळल्या, त्याला उपनगरातल्या धर्मग्रामाची रोजची कुरबूर कशी वाटली असेल? तारखांतून ते कळत नाही. कळते ते इतकेच की १९६१ मध्ये शिकायला रोमला गेलेला वांद्र्याचा एक तरुण धर्मगुरू मार्च १९९७ मध्ये परत आला, या वेळी नांदत्या धर्मप्रांताचा आर्चबिशप म्हणून, आणि रुसुबिसिरची पाटीलकी पुढच्या माणसासाठी मोकळी झाली.